वादी रमचे वाटाडे : वाळवंटातल्या डोंगरांवर नेणारी एक सेवा

जॉर्डनच्या दक्षिण टोकाला, अकाबा बंदरापासून मोटारीने साधारण तासाभराच्या अंतरावर असलेल्या वादी रमचे वर्णन वाचायला मिळते, तेव्हा त्यात बहुधा लाल वाळू, उंटाची सवारी, पारदर्शक घुमटातला मुक्काम आणि हॉलिवूडने या जागेला मंगळ ग्रह म्हणून कसे वापरले, एवढेच असते. त्या वाळूतून शेकडो मीटर सरळ उभे राहिलेले डोंगर मात्र छायाचित्राच्या पार्श्वभूमीपुरतेच उरतात. प्रस्तुत परीक्षण त्या डोंगरांवर नेणाऱ्या सेवेचे आहे. माझा चुलतभाऊ कामानिमित्त आखातात राहतो. नोव्हेंबरमध्ये तो तिकडून आणि मी पुण्याहून असे आम्ही अम्मानला भेटलो आणि रम गावातल्या एका बेदुईन कुटुंबाच्या संस्थेकडून वाटाड्या घेऊन जेबेल रम आणि जेबेल बुर्दाह हे दोन डोंगर चढलो. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि त्या त्या एका कुटुंबापुरत्या नाहीत. गावातल्या बहुतेक संस्थांना त्या कमी-अधिक प्रमाणात लागू पडाव्यात, अशी माझी समजूत झाली आहे.

निवाडा आधीच सांगून टाकतो. वाट शोधण्याच्या कामात या माणसांचा हात धरणारा दुसरा कोणी मिळणार नाही आणि त्या एका गोष्टीसाठी मोजलेले पैसे पूर्ण वसूल होतात. साहित्य, वेळेचा अंदाज आणि ग्राहकाला आधी माहिती देणे या बाबतींत मात्र सेवा ढिसाळ आहे, आणि तो ढिसाळपणा गोड चहावर खपवून घेऊ नये.

हे वाट शोधणे इतके मोलाचे का, हे समजण्यासाठी डोंगराची घडण ध्यानात घ्यावी लागते. खाली प्राचीन ग्रॅनाइटचा पाया आणि त्यावर सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या कँब्रियन काळातल्या वालुकाश्माचे प्रचंड थर, अशी वादी रमची रचना आहे. पावसाचे थोडेफार पाणी वालुकाश्मातून झिरपत खाली येते, ग्रॅनाइटपाशी अडते आणि त्या सांध्यावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. जेबेल रमच्या पायथ्याशी वस्ती झाली ती याच झऱ्यांच्या आधाराने. वरचा लालसर वालुकाश्म भेगांनी उभा चिरला गेला आहे आणि माथ्यावर पांढुरक्या थराचे गुळगुळीत घुमट तयार झाले आहेत. दोन घुमटांमधून जाणाऱ्या अरुंद घळीला तिथे ‘सीक’ म्हणतात. खालून पाहताना डोंगर एकसंध भिंतीसारखा दिसतो. वर पोहोचल्यावर कळते की ती भिंत नसून भूलभुलैया आहे. दहा घळींपैकी नऊ कड्यावर जाऊन संपतात, आणि दहावी कोणती हे नकाशावरून सांगता येत नाही. उपग्रहाचे चित्रही येथे फारसे कामाचे नाही, कारण उभ्या डोंगरात वाट ही आडव्या अंतरात नसून उंचीच्या फरकात असते आणि तो फरक चित्रात दिसत नाही.

आपल्याकडे सह्याद्रीत कातळ चढलेल्या माणसाला इथे पहिल्या तासातच स्वतःच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. बेसाल्टमध्ये पकड हाताला आली की ती पकड असते. सुटा दगड असेल तर तो बहुधा सुटा दिसतोही. वालुकाश्माच्या पृष्ठभागावर मात्र काळपट, कठीण असे पातळ कवच धरलेले असते आणि त्याच्या आत खडक इतका भुसभुशीत असू शकतो की नखाने वाळू निघावी. आमचा वाटाड्या नवीन पकड धरण्यापूर्वी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायचा आणि आवाज पोकळ आला की काही न बोलता हात दुसरीकडे न्यायचा. पाऊस पडून गेल्यावर हा खडक ओलाव्याने आणखी दुबळा होतो. त्यामुळे दोर, हार्नेस (दोर अडकवण्याचा कंबरपट्टा) आणि उत्साह सगळे तयार असले, तरी खडक सुकेपर्यंत थांबावे लागते. चांगल्या वाटाड्याची ही पहिली कसोटी आहे. पावसानंतर दुसऱ्याच दिवशी चला म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

या वाटांचा इतिहास आम्हाला संस्थेने सांगितला नाही, तो मी आधी वाचून गेलो होतो, आणि सेवेतल्या उणिवांपैकी ही एक आहे असे मला वाटते, कारण सांगण्यासारखे त्यांच्याकडे भरपूर आहे. रमच्या परिसरात सुमारे २५,००० कोरीव चित्रे आणि २०,००० शिलालेख नोंदले गेले आहेत. त्यांतले बरेच थमुदी या प्राचीन अरबस्तानी लिपीतले आहेत आणि काही शिलालेख पायथ्याशी नसून डोंगरावर, चढाईच्या वाटांवर आहेत. म्हणजे रानबोकडांच्या, आयबेक्सच्या मागे माणसे या कड्यांवर जात होती ती गिर्यारोहण हा छंद म्हणून जन्माला येण्याच्या कितीतरी शतके आधीपासून. १९५२ मध्ये शार्मियन लाँगस्टाफ आणि सिल्व्हिया ब्रॅनफर्ड या दोन ब्रिटिश स्त्रिया जेबेल रमच्या माथ्यावर पोहोचल्या, त्या शेख हमदान या बेदुईन वाटाड्याच्या मागोमाग. शार्मियन यांचे पती टॉम लाँगस्टाफ म्हणजे १९०७ मध्ये गढवालमधल्या ७,१२० मीटर उंचीच्या त्रिशूलचे शिखर गाठणाऱ्या मोहिमेचे प्रमुख. हिमालयाच्या इतिहासात ते नाव आपल्याला ओळखीचे असते. ज्याने वाट दाखवली त्या हमदानचे नाव मात्र वादी रमबाहेर फारसे कोणी घेत नाही. निदान डोंगरावरच्या एका वाटेला त्याचे नाव आहे, एवढे बरे झाले.

पुढे १९८४ मध्ये गिर्यारोहक टोनी हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी इंग्लंडहून आले. तिथल्या बेदुईनांना बरोबर घेऊन त्यांनी जुन्या वाटा नोंदवल्या, नव्या चढल्या आणि त्यानंतर युरोपातले कसलेले प्रस्तरारोहक इकडे येऊ लागले. या नोंदणीतली मला आवडलेली गोष्ट ही, की शिकाऱ्यांनी आधीच चढलेल्या वाटा त्यांनी शिकाऱ्यांच्याच नावावर ठेवल्या. त्या वाटांवर आजही अवघड जागी एकावर एक रचलेल्या दगडांच्या किंवा खाचेत ठोकून बसवलेल्या जुनिपरच्या खोडांच्या पायऱ्या सापडतात. त्या कोणत्या पिढीने बसवल्या, हे सांगता येत नाही.

आता सेवेकडे वळतो. रम गावात झलाबिया या जमातीची घरे आहेत आणि पर्यटनावर चालणारी जवळपास प्रत्येक संस्था कोणत्या ना कोणत्या कुटुंबाची आहे. पर्यटनाचा मुख्य धंदा जीपच्या फेरफटक्याचा आणि वाळवंटातल्या तंबूंचा. जीप चालवणारा, तंबूत स्वयंपाक करणारा, उंट हाकणारा आणि पाचशे मीटरच्या कड्यावरून माणसे सुखरूप वर-खाली नेणारा, हे सगळेच तिथे स्वतःला गाइड म्हणवतात. आल्प्समध्ये पर्वतीय गाइड होण्यासाठी अनेक वर्षांचे प्रशिक्षण आणि परीक्षा यांतून जावे लागते आणि तो बिल्ला ग्राहकाला दाखवता येतो. इथे तशी सरसकट गाळणी नाही. काही वाटाड्यांनी परदेशात जाऊन रीतसर दोरकाम शिकले आहे, काहींनी ते घरच्यांकडून आणि पाहुण्या आरोहकांकडून उचलले आहे, आणि काहींना बुर्दाहच्या पलीकडचे काहीच ठाऊक नाही. ग्राहकाने विचारपूस केली नाही, तर या तिघांपैकी कोण वाट्याला येईल हे नशिबावर अवलंबून राहते.

म्हणून ईमेलवर व्यवहार ठरवताना मी दर आणि दिवस यांच्या आधी तीन गोष्टी विचारल्या होत्या. बरोबर येणारा माणूस ठरलेल्या वाटेने या मोसमात चढला आहे का, एका वाटाड्यामागे किती जण असतील, आणि उतरताना दोराने किती टप्पे उतरावे लागतील. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नेमकी आली. दोघांमागे एक वाटाड्या हे प्रमाण त्यांनी स्वतःहून सांगितले आणि ते पाळलेही. तिसऱ्या प्रश्नाला ‘फार नाही, काळजी नको’ असे उत्तर आले. प्रत्यक्षात दोराचे टप्पे चांगलेच होते. मला त्याची अडचण नव्हती, चुलतभावाला होती; त्याने रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणे, केले होते ते कॉलेजच्या दिवसांत, मैदानी सरावाच्या भिंतीवर. त्याला आधी कळले असते तर त्याने दुबईच्या एखाद्या भिंतीवर हात साफ करून घेतला असता. ‘काळजी नको’ हे उत्तर आपुलकीचे असले, तरी ते माहिती नव्हे.

जेबेल रमची उंची १,७३४ मीटर. गाव सुमारे साडेनऊशे मीटरवर आहे, म्हणजे निव्वळ चढ आठशे मीटरच्या आतबाहेर. आकड्यांवरून हा हरिश्चंद्रगडाच्या एखाद्या कठीण नळीइतका प्रकार वाटेल, पण अंतर आणि उंची यांवरून इथल्या दिवसाचा अंदाज बांधता येत नाही. आम्ही पश्चिम अंगाची एक जुनी शिकारी वाट घेतली होती. जीप अंधारातच निघाली आणि डोंगराला वळसा घालून दगडांच्या उतारापाशी थांबली. पश्चिमेची बाजू असल्यामुळे सकाळचे बरेच तास सावली मिळते आणि नोव्हेंबरातही ती हवीशी वाटते.

पहिला टप्पा घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या दगडांच्या उताराचा. त्यानंतर वाट खडकात शिरते आणि वाटाड्याचा खरा हिशेब सुरू होतो. आमचा वाटाड्या तिशीतला, कमी बोलणारा, झिजलेल्या बुटांचा माणूस होता. तो चालताना वर पाहत नसे. जमिनीकडे आणि हाताच्या उंचीवरच्या खडकाकडे पाहत असे. मला रुंद, सोपी आणि उघड वाट दिसत होती तिथून तो तीन वेळा तरी उलट्या बाजूला वळला आणि आडव्या फळीवरून, एका बाजूला छाती खडकाला टेकवत आम्हाला पलीकडच्या घळीत घेऊन गेला. उतरताना त्याने ती सोपी वाट पुढे कुठे जाते ते दाखवले : एका गुळगुळीत घुमटाच्या कडेवर, जिथून परत फिरणेही अवघड. वाटेवर दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या असतात, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये, कारण वाट चुकलेल्या लोकांनीही जाता-येता त्या रचून ठेवलेल्या आहेत. त्याने अशा दोन लगोऱ्या जाता जाता पायाने पाडल्या. तिसऱ्या वेळी मी विचारले तेव्हा एवढेच म्हणाला, “ही कोणीतरी हरवलेल्याने लावली आहे.”

चढाईची काठिण्यपातळी बहुतेक ठिकाणी तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे हातांचा आधार घेऊन चढण्याची, आणि क्वचित त्याहून थोडी वर आहे. सरावलेल्या माणसाला ती सोपी वाटेल, आणि तिथेच सेवेतला एक धोकादायक दोष आहे. वाटाडे स्वतः या जागा दोराशिवाय चढतात, लहानपणापासून चढत आले आहेत, त्यामुळे ग्राहकाला कुठे दोर लागेल हे ग्राहकाच्या डोळ्यांनी पाहण्याची त्यांना सवय नाही. एका आडव्या चालीवर पायाखाली शंभरेक मीटर मोकळी हवा होती आणि पाय ठेवायला वाळू पसरलेली तिरकी फळी. आमचा वाटाड्या ती ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला आणि दोर त्याच्या पाठीवरच्या पिशवीत. मी दोर मागितला. त्याने लगेच, जराही कपाळाला आठी न घालता, परत येऊन अँकर, म्हणजे दोर खडकाला बांधण्याचा आधार, लावला आणि आम्हा दोघांना बिले देऊन, म्हणजे दोर सांभाळून धरत, पलीकडे घेतले. नंतर म्हणाला, “हवा तिथे मागा, लाजू नका.” मागितल्यावर मिळतो हे चांगलेच, पण पहिल्यांदाच कातळावर आलेल्या पाहुण्याला, पुढे वाटाड्या आणि मागे अनोळखी दरी असताना, मागण्याचे धैर्य होईलच असे नाही. अशा जागा आधीच ठरलेल्या असायला हव्यात आणि तिथे दोर न विचारता लागायला हवा.

दोरकामाचे बोलायचे तर वालुकाश्मात पेग (लोखंडी खुंट्या) ठोकून भागत नाही आणि बोल्टही जपूनच वापरले जातात. खडक झिजून त्याला आरपार छिद्रे पडलेली असतात, त्या छिद्रांतून नायलॉनची स्लिंग, म्हणजे पट्टीचा फास, ओवून अँकर केला जातो. जुन्या वाटांवरच्या उतरण्याच्या जागी अशा स्लिंगचे झुबके लटकलेले दिसतात. कधी काळी लाल-निळ्या असलेल्या, आता सगळ्या एकाच राखाडी रंगाच्या. वाळवंटातले ऊन नायलॉनला कमजोर करते आणि किती, ते वरून पाहून कळत नाही. पहिल्या रॅपलपाशी आमच्या वाटाड्याने त्या झुबक्यातली सर्वांत नवी दिसणारी स्लिंग दोन बोटांत धरून दुमडली, घडीवरचे धागे कडक होऊन उभे राहिले ते मला दाखवले, खिशातल्या चाकूने ती कापली आणि स्वतःजवळची नवी नायलॉनची पट्टी त्याच छिद्रातून ओवून गाठ मारली. मग त्या गाठीवर स्वतःचे पूर्ण वजन टाकून झुलला आणि नंतरच आमचा दोर आत घातला. प्रत्येक टप्प्यावर त्याने हेच केले. कापलेल्या स्लिंग तिथे न टाकता पिशवीत घालून खाली आणल्या. या कामात घाई नव्हती आणि दिखाऊपणाही नव्हता. संपूर्ण सेवेत मला सर्वाधिक विश्वास वाटला तो या जागी.

याच माणसाने आम्हाला सकाळी दिलेल्या हेल्मेटपैकी एकाच्या हनुवटीखालची पकड तुटलेली होती आणि ती दोरीच्या तुकड्याने बांधली होती, हे म्हणूनच अधिक खटकले. हार्नेस जुने असले तरी ठीक होते, पट्ट्यांची शिवण मी स्वतः तपासली. दोराच्या आवरणात वाळू भरून तो तारेसारखा कडक झाला होता. दोराला वाळू लागू द्यायची नसेल तर खाली अंथरायला साधे ताडपत्रीचे फडके पुरते, ते नव्हते. ज्यांच्याकडे स्वतःचे हार्नेस, हेल्मेट आणि उतरण्याचे साधन आहे त्यांनी ते घेऊन जावे. वजन वाढेल, पण वाद वाचेल. प्रस्तरारोहणाचे घट्ट बूट मात्र या वाटांसाठी लागत नाहीत. तळ चांगला धरणारे ट्रेकिंगचे बूट पुरेसे आहेत, आणि झिजलेल्या तळाचे बूट घालून जाण्याचा अधिकार फक्त वाटाड्यालाच आहे.

माथ्याजवळचा भाग म्हणजे या दिवसाचा मुख्य ऐवज. लाल कडे संपतात आणि पांढऱ्या घुमटांची रांग सुरू होते. घुमटावर चढायचे, पलीकडे उतरायचे, मधल्या घळीतून थोडे सरकायचे, पुन्हा पुढच्या घुमटावर चढायचे, असा हा क्रम बराच वेळ चालतो आणि शिखर दर वेळी पुढच्याच घुमटामागे आहे असे वाटत राहते. काही घळींत जुनिपरची जुनी, पीळ भरलेली झाडे तग धरून आहेत. अशा एका झाडाखाली वाटाड्याने वाळलेल्या काटक्यांवर चहा केला. ओली फांदी सोडाच, झाडाला लगडलेली वाळकी फांदीही त्याने तोडली नाही, खाली पडलेलेच गोळा केले. माथ्यावरून दक्षिणेला सौदी अरेबियाच्या दिशेने सुळके आणि वाळू यांची न संपणारी रांग दिसते. शिखरावर आम्ही फार थांबलो नाही. उतरायला चढण्याइतकाच वेळ लागणार होता आणि तो किती, हे आतापर्यंत आमच्या लक्षात आले होते.

वेळेच्या अंदाजाची तक्रार म्हणूनच गंभीरपणे करतो. आम्हाला सात-आठ तास सांगितले होते, लागले अकरा. आम्ही फार हळू होतो अशातला भाग नाही. हा अंदाज वाटाड्याच्या स्वतःच्या चालीचा होता. पाणी त्याच हिशेबाने घ्यायला सांगितले होते आणि शेवटचे दोन तास घसा कोरडा ठेवून काढावे लागले. माणशी चार लिटर पाणी आणि हेडलँप यांशिवाय या डोंगरावर जाऊ नये, मग संस्थेचा निरोप काहीही असो. दिवस लहान असलेल्या नोव्हेंबरात घसाऱ्याचा शेवटचा उतार आम्ही दिव्याच्या उजेडात उतरलो. जीपवाला मात्र ठरल्या जागी, ठरल्या वेळेपासून कितीतरी तास, निवांत बसून होता.

जेवणाखाण्याबद्दल शाकाहारी मंडळींना चिंता असते, तिचे उत्तर सोपे आहे. तंबूतल्या रात्रीच्या जेवणाचे आकर्षण म्हणजे ‘झर्ब’ : वाळूत पुरलेल्या भट्टीत निखाऱ्यांवर मांस आणि भाज्या तासन्‌तास शिजवतात. बटाटे, गाजर आणि कांदे वेगळ्या ताटलीत ठेवतात, पण मांसाचा वास आणि थोडा रस त्यांना लागतोच. ज्यांना तो चालत नाही त्यांनी आधी सांगावे. सांगितल्यावर आम्हाला टोमॅटो, कांदा आणि हिरवी मिरची परतून केलेली ‘गलाया’, हुमुस, मसूराचे सूप आणि भात मिळाला, आणि गलाया तर मी दुसऱ्या रात्रीही मागून घेतली. डोंगरावरचे दुपारचे खाणे मात्र तुटपुंजे होते; पाव, चीज, काकडी, टूनाचा एक डबा आणि बिस्किटे. अकरा तासांच्या दिवसाला ते पुरत नाही. आमच्याकडे घरचे तिखटमिठाचे खाखरे आणि शेंगदाण्याच्या चिक्क्या होत्या. वाटाड्याने चिक्कीचा तुकडा तोंडात टाकून पिशवीकडे पुन्हा पाहिले, तेव्हा अर्धे पाकीट त्याला देऊन टाकले. तंबूतले अंथरूण स्वच्छ होते, शौचालय सामाईक आणि चालण्याजोगे. नोव्हेंबरच्या रात्री थंडी बोचरी असते आणि दिलेली घोंगडी जड असली तरी उबदार होती.

बुर्दाहविषयी थोडक्यात. डोंगराच्या माथ्याजवळची नैसर्गिक दगडी कमान हे तिथले आकर्षण, आणि ती पाहायला जाणाऱ्यांची संख्या जेबेल रमच्या मानाने कितीतरी जास्त आहे. वाट बहुतांशी चालण्याची आणि हातापायांनी चढण्याची आहे. कमानीच्या अलीकडे एक छोटा उभा टप्पा आहे, तिथे दोर लावायला हवा आणि आमच्या वाटाड्याने तो न मागता लावला. त्याच टप्प्यावर दुसऱ्या एका गटातली मंडळी मात्र, बहुधा जीपचालकाच्याच मागे, दोराशिवाय एकमेकांचे हात धरून चढत होती. वर ज्या गाळणीच्या अभावाविषयी लिहिले तो हाच. दोन्ही गटांनी मोजलेल्या पैशांत फरक असणार, पण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे पुढे चालणारा माणूस गाइडच होता.

पैशांचे गणित जीपच्या फेरफटक्याच्या अपेक्षेने मांडले तर दर अंगावर येतो. डोंगरावरच्या दिवसाचा दर संपूर्ण दिवसाच्या जीपसफरीच्या कितीतरी पट होता. त्यात वाटाडा, दोर, जीपने ने-आण आणि खाणे आले; तंबूचा मुक्काम वेगळा. दर आधी लेखी कळवला होता आणि शेवटी त्यात एका दिनारचीही वाढ झाली नाही, बक्षिसीसाठी सूचक थांबणेही झाले नाही. दोघांमागे एका माणसाचा पूर्ण दिवस, त्याने कापून नव्याने बांधलेल्या स्लिंग आणि कोणत्याही पुस्तकातून मिळणार नाही असे वाटेचे ज्ञान यांसाठी मला तो रास्त वाटला. एकट्याने गेल्यास तोच खर्च एका डोक्यावर पडतो, तेव्हा जोडीदार शोधावा. जॉर्डनमध्ये किमान तीन रात्री राहणार असाल तर आधीच ऑनलाइन जॉर्डन पास घ्यावा. तो ७० दिनारपासून मिळतो, त्यात ४० दिनारची व्हिसा फी माफ होते आणि वादी रमचे ५ दिनारचे प्रवेशशुल्कही त्यातच येते.

विम्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. आपल्याकडच्या अनेक प्रवासविमा पॉलिसींत दोर वापरून केलेले आरोहण वगळलेले असते आणि ते वाक्य बारीक अक्षरांत असते. संस्थेने आमच्याकडे विम्याबद्दल एका शब्दाने विचारले नाही. खोऱ्यात मोबाइलला सगळीकडे रेंज नाही, मोठे रुग्णालय अकाबात, आणि घळीत पाय मोडला तर माणसाला बाहेर काढायचे ते बहुधा गावातल्याच वाटाड्यांनी. ते काढतील याबद्दल मला शंका नाही. किती तासांत, हा प्रश्न आहे. आमच्या वाटाड्याच्या पिशवीत प्रथमोपचाराची पेटी होती, तिच्यात पट्ट्या आणि जंतुनाशक होते, हाडाला आधार द्यायला काही नव्हते.

मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे महिने चढाईला योग्य. उन्हाळ्यात कातळ तापतो, हिवाळ्यात पाऊस आणि क्वचित बर्फही येते. सह्याद्रीत किमान एक-दोन सुळके किंवा कातळटप्प्यांच्या वाटा दोराने केलेल्या असतील, रॅपलिंगची भीती गेलेली असेल आणि दिवसभर उघड्या कड्यावर वावरताना डोके ठिकाणावर राहत असेल, तर जेबेल रमसाठी वाटाडा जरूर घ्यावा. घोट्यात जोर आहे पण दरीची धास्ती आहे, त्यांनी बुर्दाहवर समाधान मानावे आणि तिथेही दोर लावणारा माणूसच मागावा.

ज्यांना देशातले सर्वोच्च शिखर गाठल्याचे समाधान हवे आहे त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आहे. पूर्वी हा मान जेबेल रमला दिला जाई. प्रत्यक्षात तो सौदी सीमेजवळच्या १,८५४ मीटर उंचीच्या जेबेल उम्म अद्-दामीचा आहे. गावापासून दक्षिणेला जीपने बराच वेळ वाळू तुडवत जावे लागते, पण चढण पायवाटेची आहे, दोर कुठेही लागत नाही आणि हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून तांबडा समुद्र दिसतो. तिथे वाट दाखवायला जीपचालकही पुरतो. काही संस्था त्या दिवसासाठीही डोंगरी वाटाड्याचा पूर्ण दर लावतात. तो देऊ नये, आणि ते पैसे जेबेल रमच्या दुसऱ्या एखाद्या शिकारी वाटेसाठी राखून ठेवावेत.